पहिल्याच पावसाळी सहलीत सोल निघालेले ट्रेकिंग शूज आणि तुमच्या ग्राहक सेवेची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. बिल, फोटो आणि खोक्यावरचं लेबल सोबत जोडलंय.

रविवारी आम्ही घरचे सगळे शाहूवाडी तालुक्यातल्या बर्कीच्या धबधब्याला निघालो होतो. गावापासून पुढे चालत जावं लागतं, वाटेत ओढा लागतो. धाकटीला खांद्यावर घेऊन माझे पती ओढ्यात उतरले आणि उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला. मागून दिरांनी दंड धरला म्हणून बापलेक दगडांवर आपटले नाहीत. मग डाव्याचाही निघाला. माझ्या ओढणीने बूट बांधून ते गाडीपर्यंत आले. धबधबा लांबच राहिला.

आता आजचा फोन.

"मॅडम, शूज पाण्यात घातले होते का?"

"हो. पावसाळी ट्रेकिंगचे म्हणूनच तुम्ही विकलेत."

"पाण्यात घातल्यावर वॉरंटी लागू होत नाही."

"अहो, पहिल्यांदाच घातले होते."

"मग मॅडम, न वापरता ठेवल्यामुळे सोल गेला असेल."

घातले तरी चूक आमची, ठेवले तरी चूक आमची! वर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देतो म्हणाले. माझी मुलगी पाण्यात पडता पडता वाचली आणि मला कूपन?

चप्पल लाईनमधल्या कारागिराने बूट हातात घेऊन नुसता दाबला, तर मधल्या थराचा भुगा पडला. "ताई, हे चिकटवून उपयोग नाही, माल जुना आहे," म्हणाले. पॉलियुरेथेनचा सोल हवेतला दमट ओलावा शोषून वर्षानुवर्षांत ठिसूळ होतो, पायात न घालताही. बूट तुम्ही बनवता, हे तुम्हाला माहीत असणारच. लेबलवर उत्पादन मार्च 2021, आमचं बिल मे 2025 चं. न वापरता ठेवले ते तुम्ही, तुमच्या गोदामात!

पूर्ण पैसे परत हवेत. त्याच मार्च 2021 चा माल राजारामपुरीतल्या दुकानातून आजच काढा, तिथून लोक राधानगरी-गगनबावड्यासाठी बूट नेतात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. सासऱ्यांपासून आमच्या घरात तुमचेच बूट येत होते, म्हणून जास्त लागलं.

कूपन रद्द करा. मला नको.

मंगळवार पेठ, कोल्हापूर