प्लायवूडच्या मागचं काम

प्रेस्टन, इंग्लंड

तीर्थरूप आबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. चि. पंकज आणि सौ. वैशालीला आशीर्वाद.

परवा फोनवर आबांनी विचारलं, "हेड पॅकिंग गेलं ते नेमकं कुठून गेलं?" आणि तेवढ्यात लाईन तुटली. आबांना अर्धवट उत्तर चालत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून आमच्या गाडीचं सगळं लिहूनच पाठवते. (हेड पॅकिंग म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील.) शिवाय पंकज जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिची आत राहता येईल अशी गाडी करून घेणार आहे, असं आईकडून कळलं. तेव्हा पंकज, हे पत्र तूही शेवटपर्यंत वाच.

आमची गाडी मूळची सामान वाहायची बंद व्हॅन, डिझेलची. अशा व्हॅनमध्ये पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, दिवे बसवून देणारे लोक इथे पुष्कळ आहेत. त्यातल्या एकाला आम्ही काम दिलं. गाडी हातात आली तेव्हा दिसायला सुरेख होती. लाकूड गुळगुळीत, कपाटांची दारं बरोबर लागणारी.

इथून स्कॉटलंडकडे जाणारा एम ६ रस्ता टीबे गावानंतर शॅपचा चढ चढतो. बिजासन घाटासारखी वळणं नाहीत, पण चढ लांब आहे आणि गाडी भरलेली होती. थंडी होती म्हणून हीटर चालू होता. चढाच्या मध्यावर हीटरची गरम हवा अचानक गार झाली. तापमानाचा काटा मात्र जागच्या जागी. गाडी चालवणारा समीर म्हणाला, काटा तर ठीक आहे. मी म्हटलं, गाडी आत्ताच्या आत्ता बाजूला घे. आबा, घाटात उभ्या राहिलेल्या ट्रकसाठी तुम्ही पलासनेरच्या पुढे पाने घेऊन जायचात, तेव्हा मागे बसून मी ऐकलेलं होतं: काटा पाण्याचं तापमान सांगतो, पाणीच निघून गेलं तर तो कशाचं सांगणार? हीटर गार पडला म्हणजे त्याच्याकडे गरम पाणी येत नाही. इंजिन लगेच बंद केलं, कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिलो आणि ओढून न्यायला गाडी बोलावली. इंजिन जाम झालं नाही ते त्यामुळेच.

आता पाणी गेलं कुठून ते सांगते. मागच्या भागात ऊब यावी म्हणून त्या माणसाने इंजिनाच्या पाण्याच्या लाईनला टी (तिहेरी जोड) लावून दोन होज पाईप फरशीखालून मागे नेले होते. खालच्या पत्र्याच्या आडव्या पट्टीला भोक पाडून त्यातून पाईप ओवला, पण भोकाला रबरी बुश नाही आणि धारेला कानस मारलेली नाही. गाडी हलली की पत्र्याची धार पाईपवर घासायची. घासून घासून पाईपचं आतलं सुताचं विणकाम उघडं पडलं होतं. चढावर दाब वाढला आणि तिथेच फाटलं. बुश काही फार पैशांचा नसतो. तेवढ्यासाठी आख्खं इंजिन उघडावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

इथले एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी मला स्वतःच्या शेडमध्ये हाताखाली घेतलं. आधी इंजिनाच्या पाण्याच्या टाकीच्या तोंडावर निळा द्रव असलेली नळी लावून तपासलं. सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर त्या द्रवाचा रंग बदलतो. बदलला. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट दुधाळ साय धरली होती. मग हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली पॅकिंगची पट्टी जळून गेली होती. आबा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन सिलिंडरमधली जागा सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात तापणारी.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तितक्याच उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. बोल्टांनी घट्ट धरलेलं असल्याने त्याला पसरायला जागा मिळत नाही, मग ते वाकतं. सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज (मापाच्या पातळ पात्या) घातलं तर मधोमध ०.१५ मिलिमीटरची पाती सहज सरकली. या इंजिनाला ०.१ च्या आत लागतं. हेड आधी प्रेशर देऊन तडा आहे का ते बघायला पाठवलं. तडा नव्हता. मग फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं.

इथे मिस्त्रींनी जे केलं ते तुम्हाला आवडलं असतं. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किंचित बाहेर डोकावतो. तो किती डोकावतो ते त्यांनी प्रत्येक सिलिंडरला डायल गेज लावून मोजलं आणि त्यावरून पॅकिंगची जाडी ठरवली. नव्या पॅकिंगच्या काठाला बारीक भोकं असतात, त्यांच्या संख्येवरून जाडी ओळखायची. नुसतं जुन्यासारखं द्या म्हणून दुकानातून आणलं नाही. मग बोल्टांची भोकं. ती खालून बंद असतात. आत ऑइल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकच फुटू शकतो. मला एकेक भोक हवा मारून आणि कापडाने पुसून कोरडं करायला लावलं. बोल्ट सगळे नवे, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तसेच धरत नाहीत. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने, आणि शेवटी अंशाच्या मापाने आवळायचे. शेवटचा टप्पा त्यांनी माझ्या हातात दिला.

ऑइलमध्ये पाणी गेलेलं, म्हणून खालचा सम्प, म्हणजे ऑइलचं भांडं, उतरवून बेअरिंगही काढून बघितली. दोन बेअरिंगवर ओरखडे होते, सगळाच संच बदलला. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवं. कूलंट निम्मं, पाणी निम्मं, आणि लाईनमधली हवा पूर्ण निघेपर्यंत इंजिन चालवलं. आबा, बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका म्हणून तुम्ही शिरपूरला ट्रकवाल्यांशी भांडायचात, त्याची फार आठवण झाली. इंजिन आता एकसारखं चालतं आणि पाणी तसूभरही कमी होत नाही.

पण एका पाईपचं काम असं, तर बाकीचं कसं असेल? आबांचं ते "बठ्ठं उघाड, मंग बोल" आठवलं आणि मी आणि समीरने आतलं प्लायवूड काढायला घेतलं.

जे दिसलं त्याने मी हादरले. मागच्या सीटचा पट्टा नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने धरलेला होता. त्या सीटवर आमची ओवी बसते. गाडी ठोकली गेली असती तर पट्टा, स्क्रू आणि लाकूड सगळं एकत्र सुटून आलं असतं. पट्टा गाडीच्या लोखंडाला, खालून जाड पट्टी देऊन, आरपार बोल्टने धरायला हवा आणि तो त्यासाठी बनवलेल्या सीटच्या सांगाड्याला हवा. ती सीट काढून टाकली आणि चाचणी झालेली तयार सीट बसवून घेतली. बाकी कशात काटकसर केली असेल, त्यात नाही.

वायरिंगसाठी घरातल्या भिंतीत टाकतात तशी एका जाड तारेची वायर वापरली होती. सतत हलणाऱ्या गाडीत ती तार थकून तुटते. गाडीला बारीक तारांची लवचीक वायर लागते. दुसऱ्या बॅटरीपासून निघालेल्या वायरला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता, तो होता पार कपाटात. मधे कुठे वायर पत्र्याला लागली असती तर तो फ्यूज कशाला उपयोगी पडणार होता? ६०० वॅटची वस्तू १२ व्होल्टवर चालवली की ५० अँपिअर करंट वाहतो. घरच्या २३० व्होल्टला तो तीनच्या आत असतो. म्हणून गाडीत वायर जाड घ्यावी लागते.

गॅसच्या कपाटाला खाली भोक होतं, पण वर प्लायवूडची फळी टाकून ते बुजवलेलं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. ते भोक हाच त्याचा बाहेर जायचा रस्ता. ऊब टिकवायला भिंतीत भरलेली लोकर ओल्या गोधडीसारखी लोंबत होती, कारण आतल्या श्वासाची वाफ गार पत्र्यावर जाऊन पाणी होते आणि ती अडवायला मधे काही घातलंच नव्हतं. खिडकीसाठी कापलेल्या पत्र्याच्या कडांना प्रायमर नव्हता, गंज धरला होता. पाण्याची १०० लिटरची टाकी, बॅटऱ्या आणि ओटा, सगळं वजन एकाच बाजूला. वजनकाट्यावर नेली तेव्हा गाडी ३५०० किलोच्या मर्यादेला टेकलेली निघाली.

हे सगळं आम्ही फोटो काढून, मिस्त्रींचा लेखी अहवाल जोडून त्या माणसाला कळवलं. इथे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा आहे. काम योग्य काळजीने आणि कौशल्याने केलं नसेल तर ते पुन्हा करून द्यावं लागतं, नाहीतर किंमत कमी करावी लागते. आतल्या कामाचे बरेचसे पैसे त्याने परत केले. इंजिनाच्या खर्चाचं बोलणं चालू आहे. नाही जमलं तर छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाऊ, तिथे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे वकिलाशिवायही लढवता येतात. आई, पैशांची काळजी करू नकोस, आमचं भागतंय.

पंकज, आता तुझं. आधी धुळ्याला आरटीओत जा, मग बॉडीवाल्याकडे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नीट वाच. आरसीवर जी नोंद आहे तिच्याशी आणि कंपनीच्या मूळ मापांशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. काय बसवता येईल, सीट किती ठेवता येतील, हे लिहून घे. नाहीतर गाडी तयार होईल आणि पासिंग होणार नाही.

पैसे टप्प्याने दे. एक टप्पा पाईप आणि वायर टाकून झाल्यावर, प्लाय ठोकायच्या आधी. त्या दिवशी आबांना बरोबर घेऊन जा. त्यांना फरशीखाली वाकता येत नसेल तर तू वाक आणि मोबाईलवर दाखव. प्रत्येक भोकाला बुश, प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज, पट्टे लोखंडाला. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी किती तापते ते तुला सांगायला नको, तेव्हा सिलिंडर आत ठेवायचाच नाही असं आधीच ठरव. एसीसाठी इंजिनाला हात लावू देणार असशील तर पाण्याची लाईन कुठे कापली ते स्वतः बघ. बॉडीवाला चिडला तर चिडू दे. वैशाली आणि पोरं त्या गाडीत बसणार आहेत.

आई, आखाजीला येणं होत नाही याचं वाईट वाटतं. ओवीला झोका बांधून देणार आहे, गाणी तू फोनवर म्हण. बिबडे मिळाले, फुटले नाहीत. मोठ्या मायच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

पंकज, बॉडीवाल्याने दिलेला अंदाजपत्रकाचा कागद आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो आधी मला पाठव. मी बघून, मिस्त्रींना दाखवून कळवते. तोपर्यंत बयाणा देऊ नकोस.

तुमची,
मनीषा