लास्कोचे सहा ठिपके आणि ‘सिद्ध’ हा शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील गुहाचित्रांमधील खगोलज्ञानाविषयीचा लेख आवडीने वाचला. मात्र ४० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला संपातचलन (दिवस-रात्र समान असताना सूर्य ताऱ्यांमध्ये जेथे दिसतो, ते स्थान हळूहळू सरकणे) ठाऊक होते हे ‘आता सिद्ध झाले आहे’, हे त्यातील विधान खटकले, म्हणून हे पत्र.

फ्रान्समधील लास्को या गुहेतील चित्रे १९४० साली चार मुलांमुळे उजेडात आली. त्यांतील सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड रानबैलाच्या खांद्याच्या वर सहा ठिपक्यांचा पुंजका आहे आणि त्याच्या तोंडावरही ठिपके आहेत. जर्मन संशोधक मिखाएल राप्पेनग्ल्यूक यांच्या मते हा पुंजका म्हणजे कृत्तिका, तर तोंडावरचे ठिपके म्हणजे रोहिणी आणि तिच्या आसपासच्या तारका. वृषभ राशीत कृत्तिका बैलाच्या खांद्याशी आणि रोहिणी डोळ्याशीच येत असल्याने आकाशाची थोडीफार ओळख असलेल्याला ही कल्पना चटकन पटते. मलाही पटली होती. (युरोपातील कथांत या तारका सात बहिणी असल्या, तरी ठिपके मात्र आपल्या कार्तिकेयाच्या मातांइतके सहाच आहेत.)

परंतु त्याच गुहेत एका महाकाय सांबरवर्गीय प्राण्याच्या चित्राखाली १३ ठिपक्यांची ओळ आहे आणि इतरत्रही ठिपके विखुरलेले आहेत. त्यांतले सहाच निवडून त्यांना कृत्तिका म्हणायचे, तर बाकीच्यांचे काय, हे सांगावे लागेल. शिवाय आकाशात बैल पाहिल्याचे लेखी पुरावे मेसोपोटेमियातले, म्हणजे फार तर पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. मधल्या बारा हजार वर्षांत ही आकृती तोंडोतोंडी टिकली असेलही, पण तसा दुवा हाती नाही.

संपातचलनाचा दावा २०१८ साली मार्टिन स्वेटमन आणि अ‍ॅलिस्टर कूम्ब्स यांनी मांडला. चित्रांतील प्राणी म्हणजे तारकासमूह असून त्यांवरून संपातदिनी (दिवस-रात्र समान असताना) आणि अयनदिनी (दिवस सर्वांत मोठा किंवा लहान असताना) सूर्य कोठे होता ते कळते, असे ते म्हणतात. मात्र कोणता प्राणी कोणत्या तारकासमूहासाठी, हे तुर्कस्तानातील गोबेक्ली टेपे या प्राचीन स्थळावरील कोरीव स्तंभावरून आणि मुख्यतः आकारसाम्य पाहून ठरवलेले आहे. ही पहिली पायरीच नजरेवर अवलंबून असल्यावर पुढचे संभाव्यतेचे गणित कितीही बिनचूक असले, तरी निष्कर्ष त्या पायरीइतकाच भक्कम राहतो. संपातबिंदू एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे लागतात. म्हणजे एका दीर्घ आयुष्यात जेमतेम दोन पूर्णचंद्रांच्या रुंदीइतका फरक. तो ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नोंदी लागतात, आणि तशा नोंदी निर्विवादपणे दाखवता आलेल्या नाहीत.

याउलट २०२३ साली बेनेट बेकन यांनी काही पुरातत्त्वज्ञांसह मांडलेला विचार मला अधिक पारखण्याजोगा वाटतो. प्राण्यांलगतचे ठिपके आणि रेघा वसंतापासून मोजलेले चांद्रमास दाखवतात आणि त्यांतून त्या प्राण्यांच्या समागमाचा व विण्याचा काळ कळतो, असे ते म्हणतात. त्यावरही आक्षेप आहेत. पण शिकाऱ्याला चंद्राच्या कला मोजण्याची गरज का पडली असेल, हे समजावून सांगावे लागत नाही. बेकन हे व्यवसायाने जुन्या फर्निचरची डागडुजी करणारे आहेत, ही गोष्ट आपल्या लेखात यायला हवी होती.

या विषयावर पुन्हा लेख द्याल, तेव्हा त्या रानबैलाचे छायाचित्र आणि वृषभ राशीचा नकाशा शेजारी शेजारी छापावेत, आणि ती १३ ठिपक्यांची ओळही वगळू नये, ही विनंती.

आपला,
एक आकाशनिरीक्षक वाचक, नाशिक