बांबूच्या रोपाबरोबर त्याची वंशावळही द्या: कृषिमंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यात बांबू लावा, असं आता सरकारच सांगतंय. उजनीचं पाणी उसाला पुरत नाही, साखर कारखान्यांच्या बॉयलरला आणि फताटेवाडीच्या वीज केंद्राला जैवइंधन लागणार आहे, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी 'झाड' राहिलेला नाही. म्हणजे सांगण्यात तथ्य आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मोहोळ तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे, आणि इथे बांबू उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच रोपांविषयी लिहिते आहे.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या हाती रोप येतं तेव्हा सोबत फक्त एक नाव येतं. बाल्कोवा, मानवेल, टुल्डा. ते कोणत्या बेटावरून घेतलं, ते बेट किती जुनं, पूर्वी कधी फुलोऱ्यावर आलं होतं, यातलं काहीच त्याला कळत नाही. बाकी पिकांत हे चालून गेलं असतं, बांबूत चालणार नाही.

बांबू आयुष्यात सहसा एकदाच फुलतो आणि मरतो. मिझोराममधला मेलोकाना बांबू 1911, 1959 आणि 2007 च्या सुमारास डोंगरच्या डोंगर फुलला. बी खाऊन उंदीर वाढले, त्यांनी शेतं फस्त केली. 1959 नंतरच्या दुष्काळाने तिथलं राजकारणच बदललं. आपल्या मानवेलाचा फेरा साधारण 25 ते 45 वर्षांचा. हे घड्याळ कोंबाबरोबर नव्याने सुरू होत नाही. जुन्या बेटाचा कंद तोडून लावा, फांदीपासून कलम करा किंवा प्रयोगशाळेत त्याच्या पेशींपासून लाखभर रोपं करा, ती सगळी सहसा आईच्याच वयाने चालतात. आई तिसाव्या वर्षात असेल, तर शेतकऱ्याने काल लावलेलं रोपही आतून तिशीतलंच. तोडणी सुरू होते चौथ्या-पाचव्या वर्षी. अनुदानाचे हप्ते संपलेत, बेटं भरलीत आणि सगळ्या गावचा बांबू एकाच हंगामात फुलून वाळला, तर त्या घराने काय करायचं?

असं घडलेलं आहे. 1907 मध्ये विल्सन या वनस्पती-संग्राहकाने चीनमधून एक डोंगरी बांबू नेला. त्याची कन्या म्युरिएल हिचं नाव त्याला मिळालं, आणि त्या एकाच आणलेल्या वाणाचे कंद वाटत वाटत तो युरोपभर बागांत पोचला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो देशोदेशी फुलोऱ्यावर आला आणि बागाच्या बागा वाळल्या. तिथे शोभा गेली. आमच्याकडे घरखर्च जाईल.

या घड्याळाची कळ कुठल्या जनुकांत आहे, ते अजून पुरतं हाती लागलेलं नाही, आणि त्याचं कारण बांबूच्या उत्क्रांतीतच आहे. 2013 साली चिनी संशोधकांनी त्यांच्याकडच्या मोसो या बांबूचा जनुकसंच वाचला. डीएनएची सुमारे 205 कोटी अक्षरं, भाताच्या पाचपट. पुढे आणखी जाती वाचल्या गेल्या तशी वंशकथा उलगडली. जंगलाच्या सावलीत मऊ गवतासारखे राहिलेले बांबू द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेले, आहेत. लाकडासारख्या कठीण बांबूंचे पूर्वज मात्र एकमेकांशी संकरित होऊन गुणसूत्रांचे संच साठवत गेले. थंड प्रदेशातले चतुर्गुणित (चार संचांचे) झाले, आणि आपल्या मानवेल-कळकाच्या उष्ण कटिबंधातल्या शाखेत षट्गुणित (सहा संचांच्या) जाती आहेत. एकेका जनुकाच्या अनेक प्रती असल्याने कुठली प्रत खोड कठीण करते, कुठली फुलोरा रोखून धरते, हे सुटं करायला वेळ लागतो. मोसो चतुर्गुणित, त्याच्यावरचा निष्कर्ष मानवेलाला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या जातींवर आपणच काम करायला हवं.

आणि ते महाराष्ट्राला नवं नाही. 1990 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पारशरामी आणि मस्कारेन्हस यांनी परीक्षानळीतल्या बांबूच्या रोपांना काही महिन्यांत फुलोरा आणून दाखवला. जो फुलोरा पाहायला माणसाला अर्धं आयुष्य थांबावं लागतं, तो त्यांनी टेबलावर आणला. 'नेचर'मध्ये आलेला तो शोधनिबंध मी दरवर्षी मुलांना दाखवते.

मंत्रिमहोदय, मागणं खर्चाच्या मानाने छोटं आहे. सरकारी पैशातून वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपावर त्याच्या मातृबेटाचा क्रमांक हवा. त्या क्रमांकासमोर गाव, जात, रोप बियाचं की कलमाचं, आणि शेवटच्या फुलोऱ्याची माहिती असलेली नोंदवही सगळ्यांना पाहता यावी. मातृबेटांची डीएनए ओळख एकदाच करून ठेवावी, कारण बांबूची जात खात्रीने ओळखायला फूल लागतं, आणि फूल तर दिसत नाही. पान पाहून नाव सांगणाऱ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. एका तालुक्यात एकाच बेटाची लेकरं देऊ नयेत. गडचिरोली-चंद्रपूरकडे मानवेल फुलला की चिचपल्लीच्या बांबू केंद्राने त्याचं बी जमा करावं. त्या बियाचं घड्याळ नुकतंच सुरू झालेलं असतं.

दुसरं, लाखोंनी वाटण्याआधी इथल्या मातीत परीक्षा घ्या. जिल्ह्यात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात, आणि कित्येक शिवारांत वीतभर काळीखाली मुरूम. मानवेल कोरड्या जागी भरीव होतो, ओलीत पोकळ. बाल्कोवाला पाणी लागतं. मालदांडी 35-1 ही ज्वारी मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली, आणि याच मातीत पारखलेली असल्याने ती इतकी दशकं टिकली. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राला बांबूच्या वेगवेगळ्या मातृबेटांचे चाचणी प्लॉट द्या. येत्या जूनची लागवड त्यांच्यासाठी थांबवू नका. फक्त या पावसाळ्यात जी रोपं जातील, त्यांच्या पिशव्यांवर मातृबेटाचा क्रमांक छापून जाऊ द्या.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर