फाहुरातच्या पा मावशींना

पा मावशी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहितेय, कारण मनापासून आभार मानायचे तर मला दुसरी भाषा पुरत नाही. तुमची लेक ते मोबाइलवर थाईत करून तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं आमचं दोघींचं ठरलंय. चारचौघांत लिहितेय ते एवढ्यासाठी, की माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांना थायलंड म्हणजे फुकेत, पटाया आणि स्वस्त खरेदी एवढंच माहीत आहे. तुमच्या वरच्या खोलीत, त्या एका टीव्हीसमोर काय घडलं ते त्यांनीही वाचावं.

थाईत आई-वडिलांच्या मोठ्या बहिणीला 'पा' म्हणतात. माझ्या आईला ते पुरेसं वाटेना, म्हणून तिने पुढे मावशी जोडलं. तेव्हापासून तुम्ही आमच्या घरात पा मावशीच आहात.

नोव्हेंबर २००८. दादरला माझं शिवणकामाचं छोटं दुकान नुकतंच उभं राहिलं होतं. बँकॉकमधल्या फाहुरातच्या कापडबाजारात लेस, बटणं, झालरी ठोक भावात मिळतात म्हणून मी आले होते. सोबत आई. तिला मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. चार दिवस आम्ही दोघी तुमच्या गाड्यावर जेवलो, कारण तुमच्या गाड्यावर शाकाहाराची ती पिवळी पताका लटकत होती, लाल अक्षरांची. पंजाबी दुकानदारांच्या शेजारात तीस वर्षं काढल्यामुळे तुम्हाला बाजारातलं हिंदी येत होतं. "बैठो, खाओ, मिरची कम." आईला एवढ्यावर तुम्ही गाववाल्या वाटलात.

२६ तारखेच्या रात्रीचं आमचं विमान होतं. आदल्या संध्याकाळी पिवळे शर्टवाले, म्हणजे सरकार हटवायला निघालेले आंदोलक, बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात शिरले आणि विमानं बंद झाली. पाठोपाठ डॉन मुआंग हा दुसरा विमानतळही बंद. सकाळी लॉजवाल्याने खोली दुसऱ्याला दिली आहे म्हणून हात वर केले. तिकीट काढून देणारा माणूस फोन उचलेना. लेसची तीन गाठोडी, आई, आणि थर्मासमध्ये बर्फात ठेवलेलं इन्सुलिन घेऊन मी तुमच्या गाड्यावर येऊन बसले. कुठे जायचं ते सुचत नव्हतं, पाय आपसूक तिकडे वळले.

तुम्ही काही विचारलं नाहीत. थर्मास उघडून आत पाहिलंत, बर्फाचं पाणी झालं होतं. ती बाटली उचललीत, पुसलीत, वर जाऊन फ्रिजमधल्या एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवलीत आणि डब्यावर पेनाने एक फुली मारलीत, म्हणजे घरात कुणी हात लावायला नको. मग खाली येऊन म्हणालात, "ऊपर सोओ."

वर एकच खोली. फ्रिज, पंखा, राजाची तसबीर, तिच्याखाली टीव्ही. टीव्ही दिवसभर चालू होता आणि तुम्ही शिजवता शिजवता दर दहा मिनिटांनी जिना चढून त्याच्यासमोर उभ्या राहत होतात. मला आधी वाटलं बातम्यांचं वेड आहे. संध्याकाळी कळलं, तुम्ही त्या गर्दीत लेकीचा चेहरा शोधत होतात. ती आदल्या संध्याकाळपासून विमानतळावर बसली होती, हातात प्लास्टिकचे टाळ्या वाजवायचे पंजे घेऊन. आणि तुमचा धाकटा भाऊ, भाड्याची गुलाबी टॅक्सी चालवणारा, पक्का लाल शर्टवाला, म्हणजे सरकारच्या बाजूचा. मामा-भाची ७ ऑक्टोबरपासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दिवशी संसदेसमोर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, एका तरुणीचा जीव गेला, शेकडो माणसं जखमी झाली. तुमची लेक तिथे होती. डोळे सुजवून घरी आली तेव्हा मामा म्हणाला, कुणी सांगितलं होतं जायला. तेवढ्यावर बोलणं तुटलं.

मला तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तुम्हीच तोडक्यामोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलंत. पुढच्या वर्षांत वाचून, विचारून मी ते समजून घेतलं. तुमचं माहेर खोन केनकडचं, ईसानमधलं, म्हणजे ईशान्य थायलंडातलं, कोरडवाहू भाताचा मुलूख. २००१ मध्ये थाक्सिन शिनावात्रा निवडून येऊन पंतप्रधान झाला आणि तीस बाटमध्ये सरकारी दवाखाना खुला झाला. गावागावाला दहा लाख बाटचा निधी आला. तुमच्या वहिनीचं ऑपरेशन त्या तीस बाटमध्ये झालं. तुमच्या भावाला त्यापुढे कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. लेक हिशेबनीस, दर महिन्याला पगारातून कर कापला जाणारी. जानेवारी २००६ मध्ये थाक्सिनच्या कुटुंबाने आपल्या कंपनीचे समभाग सिंगापूरच्या सरकारी कंपनीला ७३ अब्ज बाटना विकले आणि त्यावर कर भरला नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. हे मी गुळमुळीत बोलत नाही. दोघांनीही आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं धरून ठेवलं होतं, ऐकीव नव्हे.

त्याच वर्षी, १९ सप्टेंबर २००६ ला, लष्कराने थाक्सिनला घालवलं. पुढच्या निवडणुकीत त्याचीच माणसं पुन्हा निवडून आली. पिवळ्यांनी २००८ च्या ऑगस्टपासून पंतप्रधानांच्या कचेरीतच ठाण मांडलं. पंतप्रधान समक यांना टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून पैसे घेतले म्हणून न्यायालयाने पायउतार केलं आणि त्यांच्या जागी थाक्सिनचा मेहुणा आला. मग विमानतळ. हे सगळं राजधानीतल्या मोठ्या माणसांचं. दोन रंगांच्या मधे तुमची एक खोली.

आणि ते पिवळं तरी कुणाचं? राजा भूमिबोल सोमवारी जन्मले, सोमवारचा रंग पिवळा. २००६ मध्ये त्यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा सगळा देश सोमवारी पिवळे शर्ट घालत होता. तुमच्याकडेही होता एक, छातीवर राजचिन्ह असलेला, धुऊन धुऊन विटलेला. पण तो घातला की रस्त्यात माणसं विचारायला लागली, तू त्यांच्यातली का? सोमवार तुमचा, राजा तुमचा, आणि शर्ट मात्र एका पक्षाचा होऊन बसला. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. बाकी कशानेच चढलेला मी ऐकला नाही.

त्या रात्री एकच्या सुमाराला तुम्ही चॅनल बदललंत आणि पडद्यावर सीएसटी आलं.

आई झोपेत होती. मी पाहिलं ते फलाट, ती घड्याळं, जमिनीवर पडलेल्या बॅगा. माझा भाऊ फोर्टात कामाला. रोज रात्री तिथूनच ठाणे लोकल पकडायचा. मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. माझ्या हातातून फोन पडला तो तुम्ही उचललात आणि स्वतःच्या फोनवरून नंबर फिरवायला लागलात. एकामागून एक, मोजून सांगता येणार नाही इतक्या वेळा. तुमचा आंतरराष्ट्रीय कॉलचा रिचार्ज संपला तेव्हा खाली जाऊन समोरच्या दुकानदाराचं शटर वाजवून त्याला उठवलंत. आई जागी झाली. तुम्ही तिला काही समजावायला गेला नाहीत. तिच्या मागे बसून पाठीवर तळहात ठेवलात आणि पहाटेपर्यंत तो काढला नाहीत.

पडद्यावर आळीपाळीने दोन गोष्टी दिसत होत्या. विमानतळावर पिवळ्या माणसांचा समुद्र. मुंबईत धूर. दोन आया त्या एका टीव्हीत आपापलं पोर शोधत होत्या. पहाटे ताजच्या घुमटातून ज्वाळा निघताना दिसल्या तेव्हा आई "अगं आई गं" म्हणाली आणि तुम्हीही तोंडावर हात घेतलात.

साडेपाचला, म्हणजे मुंबईत पहाटे चारला, भावाचा आवाज आला. कचेरीचं दार आतून लावून अकराजण अंधारात बसले होते. मी रडत होते म्हणून फोन तुम्ही घेतलात आणि त्या न पाहिलेल्या पोराला विचारलंत, "खाना खाया?" तो पुढे कित्येक वर्षं सांगायचा, की त्या रात्री त्याला जेवलास का असं विचारणारी एकच बाई होती आणि ती कुठल्या देशातली तेही त्याला माहीत नव्हतं.

मग पाच दिवस आम्ही तुमच्याकडे राहिलो. इन्सुलिन संपायला आलं तेव्हा तुम्ही आईला घेऊन तीन औषधांची दुकानं पालथी घातलीत. रिकामी बाटली काउंटरवर ठेवून हीच पाहिजे, दुसरी नको, असा हट्ट धरलात आणि मिळवलीतच. आई तुमच्यासोबत भाज्या चिरायची. तिला काफिर लिंबाच्या पानांचा वास फार आवडला होता. तुम्ही फिश सॉसची बाटली तिच्या नजरेआड, परातीमागे लपवून ठेवत होतात. ती मला दिसत होती, मावशी. आईलाही दिसत होती. ती कधी बोलली नाही.

यू-तापाओच्या नौदलाच्या धावपट्टीवरून मुंबईला विमान सोडणार असं कळलं. बँकॉकपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जिथून उडायची, ती ही जागा. १ डिसेंबर, सोमवार. तुमचा भाऊ टॅक्सी घेऊन आला. आरशाला लाल फडकं बांधलेलं. विमानतळाच्या बाजूच्या रस्त्यांवर पिवळ्यांचे पहारे, गाड्या अडवताहेत असं सगळे सांगत होते. कुठला रस्ता मोकळा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त तुमच्या लेकीला.

तुम्ही फोन लावलात. तिच्याशी दोन वाक्यं बोललात, आणि काही न सांगता फोन भावाच्या कानाला लावलात. हातात दिला नाहीत. लावून धरलात, लहान मुलाच्या तोंडाशी वाटी धरावी तसा. तो मान वळवत होता, तुमचा हात त्याच्या मानेबरोबर वळत होता. पलीकडून ती बोलत असावी. बऱ्याच वेळाने तो "हूं" म्हणाला. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर रस्त्याचा नंबर लिहून घेतला. शेवटी एक शब्द बोलला. तो मी तुम्हाला नंतर विचारला होता. "जपून राहा," एवढंच.

गाडीत बसताना त्याने आरशाचं लाल फडकं सोडून सीटखाली ठेवलं. आणि तुम्ही, सोमवार म्हणून, तो विटका पिवळा शर्ट घालून आम्हाला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आलात. आईच्या हातात चिकट भाताने भरलेली बांबूची करंडी दिलीत. मी पाकीट काढलं तर तुम्ही माझा हात धरून ते परत पर्समध्ये घातलंत.

दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने सत्ताधारी पक्ष बरखास्त केला आणि पाठोपाठ पिवळे विमानतळावरून उठले. पण तुमच्याकडे ते तिथे थांबलं नाही, हे मला माहीत आहे. एप्रिल २०१० पासून लाल शर्टवाले बँकॉकमधल्या राच्चप्रसोंगच्या चौकात बसले, तुमचा भाऊही. १९ मे ला लष्कर चिलखती गाड्या घेऊन आलं, सेंट्रल वर्ल्ड हा तिथला मोठा मॉल जळाला. आसऱ्याची जागा म्हणून जाहीर केलेल्या पथुम वनाराम देवळात सहाजण गोळ्यांनी मेले, त्यात जखमींची शुश्रूषा करणारी एक स्वयंसेविका. त्या दोन महिन्यांत नव्वदहून जास्त माणसं गेली. तुमचा भाऊ त्या रात्री देवळाच्या आवारात होता. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसांना शेजारच्या पोलीस मुख्यालयातून बाहेर काढलं, तेव्हा दाराशी तुमची लेक उभी होती, पाण्याची बाटली घेऊन. तुम्ही मला हे फोनवर सांगितलंत तेव्हा मी दुकानात होते आणि गिऱ्हाईक समोर असताना रडले.

२०१४ मध्ये पुन्हा लष्कर आलं. २२ ऑगस्ट २०२३ ला थाक्सिन परदेशातून परतला आणि त्याच दिवशी त्याच्या पक्षाने लष्कराच्या बाजूच्या पक्षांना सोबत घेऊन संसदेत आपला पंतप्रधान निवडून आणला. ९ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने त्याला वर्षभराच्या तुरुंगवासात पाठवलं. ज्यांच्यासाठी तुमच्या घरात दोन माणसं एकमेकांची तोंडं पाहत नव्हती, ते वरच्या वर जुळवून घेऊन मोकळे झाले. मला याचा मनापासून राग येतो, मावशी. देवळात मेलेल्यांचा हिशेब कुणी दिला? ७ ऑक्टोबरला पाय गमावलेल्या पोरांचा? तुमच्या घरातलं जुळवणं मात्र कुठल्या सरकारने केलं नाही. ते तुम्ही केलंत, एक फोन कानाला धरून.

आई २०१९ मध्ये गेली. शेवटच्या दुखण्यात तिचं इन्सुलिन फ्रिजच्या डब्यात ठेवताना मी त्यावर फुली मारायचे. ती हसायची.

तेव्हा घाईत विमानात चढलो आणि तुमचे आभार नीट मानायचे राहून गेले. ते आज मानते. माझ्या आईला परक्या मुलखात पाठीला हात दिलात, माझ्या भावाला जेवलास का विचारलंत, स्वतःच्या पोटात गोळा उठलेला असताना. खॉप खुन खा, पा.

फेब्रुवारीत मी पुन्हा खरेदीला येतेय. तुमच्या करंडीत मी दुकानातली रिळं ठेवते. तिच्या झाकणाची वीण आता उसवली आहे. ती सोबत आणते, तुमच्या भावाला सांगा, त्याच्या गावचं कुणी विणून देत असेल तर बघून ठेवायला.

तुमची,
दादरची भाची