रविवारची श्रवणबैठक : ‘असेन्शन’

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ठीक पाचला बसू. अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘असेन्शन’ ही रचना ऐकायची आहे. २८ जून १९६५ला अकरा वादकांनी ती ध्वनिमुद्रित केली. त्या दिवशी वाजवलेली तिची दोन रूपं उपलब्ध आहेत आणि आपण दोन्ही ऐकणार आहोत.

ज्यांच्याकडे जुनी तबकडी आहे त्यांनी घरी एवढं बघाच. आधी एक रूप बाजारात आलं, मग कोल्ट्रेनला दुसरं अधिक योग्य वाटलं आणि त्याच क्रमांकाखाली ते दिलं गेलं. त्यामुळे मुखपृष्ठावरून काही कळत नाही. दिवा तिरपा धरा. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात ‘एडिशन २’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसली, तर तुमच्याकडे दुसरं रूप आहे. दोन्हींत सोलोंचा, म्हणजे एकेका वादकाने पुढे येऊन वाजवलेल्या भागांचा, क्रमही थोडा वेगळा आहे. कोण कधी पुढे येतो ते टिपून ठेवा, चर्चा तिथूनच सुरू करू.

तबकडी फक्त कडेला आणि लेबलला धरायची, ही विनंती पुन्हा करते. मागच्या वेळी बोटांचे ठसे राहिले, फार वाईट वाटलं.

मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणं आणणाऱ्यांनी तारीख, जागा आणि वादकांची नावं पाकिटावर लिहून आणावीत. नाव-गाव नसलेल्या टेपवर बोलणं अवघड जातं. आणि वाजत असताना कृपया बोलू नका, पहिली दहा मिनिटं गोंगाट वाटला तरी. त्यातूनच पुढे एकेक वाद्य सुटं ऐकू येऊ लागतं.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.