झोपेत अडकणारा श्वास आणि विम्याच्या अटी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी, सीपॅप यंत्र आणि मास्क महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आणण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या रुग्णांना सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून दाबाची हवा देणारे) लावून देणे, मास्क जुळवणे आणि विम्याचे कागद भरून देणे हे आमचे रोजचे काम. या कामात एकच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते, म्हणून हे पत्र.

स्लीप अ‍ॅप्नियात झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, श्वास सुटतो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. तासाला असे ५ ते १५ वेळा झाले तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. म्हणजे तीव्र आजाराचा माणूस आठ तासांच्या झोपेत किमान २४० वेळा अडखळतो. सकाळी त्यालाच कशेडी किंवा आंबा घाटातून गाडी चालवायची असते. सीपॅप मास्कमधून ठराविक दाबाची हवा सतत सोडते आणि घसा मिटू देत नाही. १९८१ पासून ही पद्धत जगाला माहीत आहे, तिला प्रायोगिक म्हणण्याची सोय कोणालाच उरलेली नाही.

तरीही खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. त्याची कारणे कागदावर स्पष्ट दिसतात. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये पॉलिसीतल्या वगळण्याच्या अटी प्रमाणित केल्या. त्यांतली चौथी अट सांगते की केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास पैसे मिळणार नाहीत. झोपेची तपासणी म्हणजे नेमकी तीच, एका रात्रीची तपासणी, आणि दाव्यासाठी सहसा लागणारे दाखल राहण्याचे २४ तासही ती भरत नाही. पुढे बहुतेक पॉलिसींत घरी वापरायची टिकाऊ उपकरणे वगळलेली असतात आणि तिथे सीपॅपचे नावच घातलेले आढळते. रुग्णालयात दाखल असताना वापरलेली सीपॅप चालते, घरी नेली की चालत नाही. हा आजार तर घरच्या अंथरुणावरच होतो.

याच अटींमधली सहावी अट आपण स्वतः वाचावी, अशी कळकळीची विनंती आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला विमा कधी लागू होतो ते तिच्यात दिले आहे. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त असेल आणि तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर ती शस्त्रक्रिया पात्र ठरू शकते. म्हणजे आजार किती गंभीर आहे हे नियमांनाच मान्य आहे. पोट कापायला पैसे आहेत, मास्कला नाहीत.

फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, पण ती दाखल होऊन घेतलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. रोज रात्री घरी वापरायच्या यंत्राला तिच्यात जागा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत ठराविक मर्यादेपर्यंत सीपॅपचा परतावा मिळतो. हर्णैच्या तांडेलाला किंवा देवगडच्या बागेतल्या गड्याला तो मिळत नाही.

खर्च साधारण असा येतो. स्वतः दाब बदलणारे ऑटो सीपॅप ३५ ते ६० हजार रुपये, मास्क ४ ते ८ हजार, तपासणी खासगीत ८ ते १५ हजार. हा खर्च एकदाच करून सुटका होत नाही, कारण मास्कची रबरी गादी सहा महिन्यांत सैल पडते, फिल्टर महिन्याला बदलावा लागतो, नळी वर्षाला. शिवाय रत्नागिरीचा रुग्ण तपासणीसाठी साधारण १३० किलोमीटरवर कोल्हापूरला जातो, दोडामार्गचा गोव्यात बांबोळीला, चिपळूणचा मुंबईला. सोबतचा माणूस आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी कोणत्याच बिलात दिसत नाही.

कोकणात यंत्रे लवकर बिघडतात, तेही लक्षात घ्यावे. पावसाळ्यातल्या दमट हवेने फिल्टर काळा पडतो आणि त्यावर बुरशी धरते. २०२१ मध्ये जगभर लाखो श्वसनयंत्रे परत मागवावी लागली होती. त्यांच्यातला आवाज शोषणारा फोम विरत होता, आणि उष्ण, दमट हवेत तो अधिक लवकर विरू शकतो असे तेव्हाच सांगितले गेले. हवा ओलसर करण्यासाठी यंत्राला पाण्याचा डबा असतो. त्यात विहिरीचे पाणी घातले की तळाला क्षारांचा थर बसतो, त्यासाठी डिस्टिल्ड पाणीच लागते. नळी गार पडली की आतली वाफ पाणी होऊन रुग्णाच्या नाकात येते, मग तो घाबरून यंत्र बंद करतो. पावसात डब्याची गरज बहुतेकांना पडतच नाही, पण हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

वीज हा वेगळाच प्रश्न. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. पाण्याचा डबा बंद ठेवला तर सीपॅपला साधारण ३० वॅट लागतात, म्हणजे रात्रीला पाव युनिट. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ते सहज भागते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही, त्यांना यंत्रासोबत छोटी बॅटरी दिली तर काम होईल.

यंत्र वापरले की हृदयविकार टळतोच, असा दावा आम्ही करणार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,७१७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तसे दिसले नाही. पण त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते, आणि दिवसाची झापड तेवढ्यानेही कमी झाली. म्हणून नुसती यंत्रे वाटू नका, ती वापरली जातील हे बघा, असे आमचे म्हणणे आहे. दुकानातून थेट घेतलेले यंत्र कारखान्यातून आलेल्या ४ ते २० (सेंटिमीटर पाणी) या मूळ दाबावरच राहते. ४ वर अनेकांना हवा अपुरी वाटते, जीव कासावीस होतो आणि आठवड्यात यंत्र कपाटात जाते. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याला फक्त नाकाचा मास्क दिला की हवा तोंडावाटे निघून जाते. मिशा-दाढीतून गळती होते, ती थांबवायला पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर जखम होते. हे सगळे पहिल्या दोन आठवड्यांत दुरुस्त होण्यासारखे आहे, फक्त जवळ माणूस हवा.

त्यामुळे अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना घरी नेऊन करायच्या झोपतपासणीची यंत्रे द्यावीत, आणि दाखल न होता केलेल्या या तपासणीला फुले योजनेत पॅकेज ठरवावे. मध्यम आणि तीव्र रुग्णाला यंत्र आधी तीन महिने वापरायला द्यावे. वापराची नोंद यंत्राच्या कार्डवर आपोआप होते. महिन्यातल्या ७० टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला की ते रुग्णाच्या नावावर करावे, नाही तर परत घेऊन निर्जंतुक करून पुढच्याला द्यावे. मास्कची गादी, नळी आणि फिल्टर यांसाठी वर्षाला वेगळी रक्कम ठेवावी. ती नसेल तर दुसऱ्या वर्षी यंत्र पडून राहील. प्रत्येक ठिकाणी एक तंत्रज्ञ मास्क जुळवण्यासाठी नेमावा.

दोन गोष्टी केंद्राच्या हाती आहेत, पण आपण पत्र लिहू शकता. २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, पल्स ऑक्सिमीटर यांच्या विक्रीतला नफा ७० टक्क्यांवर रोखला गेला, तशीच मर्यादा सीपॅप आणि मास्कला लावावी. आणि विमा प्राधिकरणाने घरच्या सीपॅपला वगळण्याची मुभा कंपन्यांकडून काढून घ्यावी.

येत्या पावसाळ्याआधी किमान सिंधुदुर्गनगरीत सुरुवात व्हावी. कामाचा आराखडा, दरांची तुलना आणि मास्कच्या मापांचा तक्ता घेऊन आपण बोलवाल त्या दिवशी आम्ही मंत्रालयात येऊ.

आपले,
कोकण किनारपट्टीवर काम करणारे श्वसनोपचार तंत्रज्ञ