मोडीवाल्या ताईंना, आमच्या पणजीसाठी

नमस्कार ताई,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात आभार कसले मानता, आपला तो नादच आहे. पण नाद असला तरी नोकरी, घरदार सांभाळून रात्री डोळे फोडून परक्याच्या घरची पानं कोण वाचत बसतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नावं टाकत नाही. तुमचं तुम्ही नको म्हणालात म्हणून, आणि आमच्या घरातली भावकीत जमिनीचं प्रकरण कोर्टात आहे म्हणून. वाई तालुक्यातलं गाव एवढं पुरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली जुनी बाडं बाहेर निघाली, स्कॅन झाली, जिल्ह्याच्या वेबसाईटवर गावनिहाय पीडीएफ आल्या. त्यात जन्ममृत्यूची रजिस्टरं म्हणजे गाव नमुना १४, ज्याला गावाकडं सगळे कोतवाल बुकच म्हणतात. आमच्या भावकीतल्या ग्रुपवर पण त्या पीडीएफ फिरायला लागल्या आणि सगळे एकच विचारायचे, जातीच्या कॉलममध्ये काय लिहिलंय. ते विचारणं बरोबरच आहे, पोरांच्या ॲडमिशनचा प्रश्न असतो. पण मला दुसरंच हवं होतं. आमच्या आजोबांची आई. आजोबा लहान असताना ती तापात गेली आणि त्यांना चुलतीनं वाढवलं, एवढंच घरात माहीत. तिचं नाव कुणालाच माहीत नाही, आजोबांना पण नव्हतं. म्हातारपणी पितरांना पाणी सोडताना ते नुसतं आई म्हणायचे.

ती पानं सगळी मोडीत, म्हणजे मराठी पूर्वी ज्या लिपीत लिहायचे त्यात, आणि मला ती वाचता येत नाही, तेव्हा ती घेऊन मी तुमच्याकडं आलो. स्क्रीनवर पान मोठं करून बघितलं तर आधी एक आडवी रेघ ओढलेली आणि तिला सगळी अक्षरं लटकलेली, टाक न उचलता सलग लिहिलेलं, शब्द कुठं संपतो ते कळत नाही, ऱ्हस्व दीर्घ नाही, त्यात वाळवीची भोकं. तुम्ही पहिल्या दिवशी पान वाचलं नाहीत, मला दहा वेळा एकच ओळ गिरवायला लावली आणि म्हणालात आधी या लिहिणाऱ्याचा हात ओळखू, मग तो काय म्हणतो ते बघू. त्या हाताची कॉपी तुम्ही वेगळ्या कागदावर करून घेतलीत, त्याचा क कसा, र कसा, ता। म्हणजे तारीख, सा। म्हणजे राहणार, जात लिहिताना नुसतं कु लिहून पुढं गेलाय. नंतर कळलं की त्यामुळंच पुढची पानं भराभर सुटत गेली. पानामागे पैसे घेणारे पण आहेत, आणि त्यात गैर काही नाही, मेहनतीचं काम आहे. तुम्ही घेतले नाहीत आणि वर रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज, "दादा, सातव्या ओळीत मी वल्द वाचलं होतं, ते बिन आहे, दुरुस्त करून घ्या." अर्थ एकच ना, अमक्याचा मुलगा, पण तुम्हाला ते चुकीचं राहिलेलं चाललं नाही. ताई, मला तुमचं काय आवडलं असेल तर हे.

आता मुख्य गोष्ट. आजोबांचा जन्म आमच्या गावच्या रजिस्टरात सापडतच नव्हता. शाळेच्या जनरल रजिस्टरात होता पण तिथं गुरुजींनी १ जून टाकलेली, त्या काळात बहुतेकांची तीच, आणि साल पण अंदाजानं. आम्ही मागची पुढची सगळी सालं बघून पान फाटलं असणार म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही मात्र विचारलंत, आजोबा थोरले का? मी म्हणलं हो बहुतेक. मग तुम्ही म्हणालात, अहो मग इथं कशाला शोधताय, पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जिथं जन्मलं त्या गावच्या बुकात नोंद पडणार. म्हणजे आजोबांचा जन्म सापडला तर त्याच पानावर पणजीचं माहेर सापडणार. ताई, ते ऐकून अंगावर काटा आला होता. घरात तीन पिढ्या कुणाला सुचलं नाही आणि जे पान नाही त्यावरून तुम्ही वाट काढलीत.

मग आजूबाजूच्या गावांच्या पीडीएफ चाळायला घेतल्या. आधी वाई तालुका, मग जावळी. शेवटी मेढ्याकडच्या एका गावात १९१४ च्या फेब्रुवारीत ती ओळ मिळाली. बाळाचं नाव नाही, ते या रजिस्टरात नसतंच, बारसं व्हायच्या आधीच नोंद द्यायची असते. बापाचं नाव, आज्याचं नाव, जात, मुलगा, आणि पुढं सा। करून आमच्या गावाचं नाव. मी लगेच आत्याला फोन लावायला निघालो होतो, तुम्ही थांबवलंत. म्हणालात त्याच नावाचे दोन माणसं तुमच्या गावात आहेत, आधी दुसरा बाद करा. मग दुसऱ्याच्या बापाचं नाव फेरफारातून, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीतून, काढलं, ते वेगळं निघालं, तेव्हा कुठं तुम्ही हो म्हणालात.

आणि मग १९१८. हे लिहिताना अजून हात थांबतो. त्या साली पाऊस पण गेला होता आणि सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझाची साथ, गावाकडचे जुने लोक मानमोडी म्हणायचे, देशभरात एक कोटीच्या वर माणसं गेली. पण ते पुस्तकातलं वाचणं वेगळं. आमच्या गावच्या बुकात एरवी महिन्याला दोन चार मयत, आणि ऑक्टोबर १९१८ ची पानामागून पानं, कारणाच्या कॉलमात ताप, ताप, ताप, खाली नुसत्या टिंबाच्या खुणा. पहिल्या पानावर अक्षर नीट बसलेलं आहे आणि पुढं पुढं ते तिरकं पळत गेलंय, एका ठिकाणी तर शाई मधेच बदललीय आणि हातही वेगळा. तुम्ही तेव्हा म्हणालात लिहिणारा पण बहुतेक आजारी पडला असेल, दुसऱ्यानं पुढं लिहिलं. तुम्ही ती सगळी पानं वाचलीत. आम्हाला एकच बाई हवी होती तरी सगळी, प्रत्येक नाव, कारण एखादी ओळ सोडली आणि तीच असली तर, असं तुमचं म्हणणं.

ती सापडली. नाव, पुढं कोम, म्हणजे अमक्याची बायको, म्हणून पणजोबांचं नाव, वय बावीस, कारण ताप. आणि तिच्या वर तीन दिवस आधीच्या तारखेला त्याच बापाची एक मुलगी, वय दोन. तिला नाव सुद्धा लिहिलेलं नाही. आजोबांना बहीण होती हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. पणजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत होते, ते येईपर्यंत दोघी गेलेल्या असणार, चार वर्षांचा मुलगा तेवढा राहिला. तुम्ही ही ओळ मला वाचून दाखवली नाहीत. फोन करून आधी विचारलंत घरी आहात का, बसलेले आहात का, बरोबर कोण आहे. मग सांगितलंत. ते मी विसरणार नाही.

खात्रीसाठी तुमच्याच सांगण्यावरून आम्ही नाशिकला जाऊन आलो. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, आमच्या तीर्थोपाध्यायांनी नामावळी, म्हणजे येऊन गेलेल्यांच्या घरातल्या नावांची वही, काढली, पणजोबा पुढं कधीतरी येऊन गेले होते आणि त्यांनी सांगितलेल्या नावांत बायकोचं नाव तेच. आत्या तिथंच रडली.

जे कुणी शोधतायत त्यांना तुमच्या वतीनं सांगतो, तुम्ही सगळ्यांना हेच सांगता. नुसते जन्म बघू नका, मयतीची पानं बघा, बायका तिथं नावानिशी भेटतात, जन्माच्या पानावर नुसता बाप असतो. वारसाचे फेरफार बघा, विधवा म्हणून का होईना नाव लागलेलं असतं. आजोळची गावं बघा. आणि शक्य असेल तर मोडी स्वतः शिका, पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात, मी नाव दिलंय. १९५० च्या आसपासपर्यंतचे कागद मोडीत आहेत आणि ते वाचणारी माणसं तुमच्यासारखी मोजकीच, तालुक्याला एक मिळणं मुश्किल.

राहिलेलं एक. मेढ्याकडच्या त्या गावात आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. पणजीच्या भावाचा मुलगा आहे अजून, ऐंशीच्या पुढचे, म्हणाले आमचे वडील सांगायचे थोरली बहीण वाईकडं दिली होती, साथीत गेली, मग येणं जाणं तुटलं. त्यांच्या सुनांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही आणि चैत्रात यात्रेला या म्हणून सांगितलंय. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाले त्या ताईंना पण घेऊन या. तर ताई, यायचंच आहे, गाडी मी घेऊन येतो. त्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांचं एक बंडल आहे, कुणी कधी सोडलेलं नाही. ते उघडायचं तर तुम्ही समोर पाहिजे.

तुमचा,
वाईकडचा दादा